रिकामा गळ काय सांगतो?

आजचा विषय ‘खोल पाण्यातले मासे मोजतात कसे’ असा जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला या भानगडीत पडायचं कारण काय? कारण सरळ आहे. जे दिसत नाही, त्याच्याबद्दल आपण खात्रीनं कधी बोलू शकतो, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न. आणि हाच प्रश्न दर उन्हाळ्यात दोर आणि गळ घेऊन सोडवायला निघणारी माणसं अलास्काच्या किनाऱ्यावर आहेत. आमच्या वर्गात उत्तर चुकलं तर फार तर चार गुण जातात. त्यांचं चुकलं तर एक तर मासे संपतात, नाही तर समुद्रात मासे असूनही बोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागतात. म्हणून मला त्यांची पद्धत आमच्या पद्धतीपेक्षा कधीकधी जास्त गंभीर वाटते.

आधी माशाची ओळख करून घेऊ. सेबलफिश हे त्याचं नाव. बाजारात त्याला ‘ब्लॅक कॉड’ म्हणतात, पण तो कॉडच्या कुळातला नाही. व्यापाऱ्यांनी दिलेली नावं कुळ बघून दिलेली नसतात. काळसर अंग, भरपूर चरबी, जपानमध्ये मोठी मागणी, त्यामुळे भाव चांगला. उत्तर पॅसिफिकमध्ये जिथे उथळ समुद्र संपतो आणि तळ एकदम खाली उतरायला लागतो, त्या उतारावर हा राहतो. पिल्लं किनाऱ्याजवळ वाढतात आणि वयाबरोबर खोल जातात. मोठे मासे दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत आणि त्याहूनही खाली सापडतात.

याच्या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. एक म्हणजे त्याचं आयुष्य. माशाच्या कानात एक छोटासा खडा असतो, ओटोलिथ. झाडाच्या खोडासारखी त्याच्यावर वर्षागणिक वलयं पडतात. ती मोजून अलास्कातल्या एका सेबलफिशचं वय ९४ वर्षं निघालं. म्हणजे माझ्याहून मोठा मासा! असा मासा एकदा ओरबाडून संपवला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येईल, ही आशा करण्यात अर्थ नसतो. दुसरी गोष्ट, त्याच्या पोटात हवेची पिशवी नसते. आपल्याकडे घोळ माशाची जी पिशवी ‘बोत’ म्हणून महागात विकली जाते, ती. सेबलफिशला ती नाहीच.

आता मोजायचं कसं? हजार मीटर खोलीवर आपल्याला उपयोगी पडेल असा सूर्यप्रकाश नाही, तेव्हा बघून मोजणं बाद. ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी ऐकावा, तर माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा मोठा भाग त्या हवेच्या पिशवीमुळे येतो. इथे पिशवीच नाही आणि मासा तळाला चिकटून. तळावरून जाळं ओढावं, म्हणजे ट्रॉल, तर उतार खडा आणि खडकाळ, जाळी फाटतात. ट्रॉलनंही पाहण्या होतात, पण ज्या जागी जाळं फिरवताच येत नाही त्या जागांबद्दल ती मुकी राहतात. उरला कोळ्यांचाच जुना उपाय. लांब दोर, त्याला ठरावीक अंतरावर गळ, गळाला आमिष. दोर तळावर नेऊन टेकवायचा, काही तास वाट पाहायची, आणि ओढून घ्यायचा. हीच लाँगलाइन.

(आपल्याकडे हे अगदीच अपरिचित आहे असं नाही. मुंबईत मुख्यालय असलेली ‘फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया’ ही केंद्र सरकारची संस्थाही लाँगलाइननं पाहणी करते. पण ती प्रामुख्यानं ट्यूनासाठी. तिथे दोर वरच्या पाण्यात तरंगत, लटकत असतो. अलास्कातला दोर तळावर आडवा पडतो. नाव एक, काम निराळं.)

अलास्कातली पाहणी तपशिलानं सांगतो, कारण सगळी गंमत तपशिलात आहे. ठिकाणं ठरलेली आहेत. साधारण एका दिवसात एक ठिकाण. दोराचा एक तुकडा शंभर मीटरचा, त्याला ते ‘स्केट’ म्हणतात. एका स्केटवर ४५ गळ, दोन गळांत दोन मीटर अंतर. प्रत्येक गळाला माकूल कापून लावलेलं. एका ठिकाणी असे साधारण १६० तुकडे एकाला एक जोडून टाकतात. गुणाकार करून पाहा: सोळा किलोमीटर दोर आणि ७,२०० गळ. एका दिवसात! हा दोर उताराला समांतर टाकत नाहीत. वरून खाली, उथळातून खोलात असा टाकतात, म्हणजे प्रत्येक खोलीचा जाब मिळतो. सकाळी टाकायचा, किमान तीन तास पाण्यात ठेवायचा, मग ओढायचा.

ओढताना बोटीच्या कडेला एक माणूस उभा असतो आणि वर येणाऱ्या प्रत्येक गळाची नोंद करतो. या गळाला सेबलफिश. याला दुसरा कुठला मासा. यावर आमिष तसंच. हा रिकामा. हा गुंतलेला. हा वाकलेला. हा गळ जागेवर नाहीच. सात हजार दोनशे वेळा. आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या ठिकाणी पुन्हा. मला स्वतःला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

या नोंदींचं पुढे काय होतं? समजा, एका खोलीच्या पट्ट्यात दर स्केटला सरासरी सहा सेबलफिश आले, आणि त्याच्याखालच्या पट्ट्यात तीन आले. पण खालचा पट्टा क्षेत्रफळानं चौपट मोठा आहे. तर त्या सरासरीला त्या-त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळानं गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. जो आकडा येतो तो काय आहे? इथे बहुतेक लोक घसरतात. तो माशांची संख्या नाही. तो एक सापेक्ष आकडा आहे, निर्देशांक. एकटा त्याला काही अर्थ नाही. गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवला की तो बोलायला लागतो. म्हणजे पाहणी ‘किती?’ या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. ती ‘पूर्वीच्या मानानं किती?’ याचं उत्तर देते. प्रत्यक्ष संख्येचा अंदाज पुढे वेगळ्या गणितातून काढतात, त्यात व्यापारी पकडीचे आकडे, वयाची वलयं, बरंच काही घालतात. पण त्या गणिताला जमिनीवर धरून ठेवतो तो हा निर्देशांक.

आणि हे एकदा मान्य केलं की एक विलक्षण बंधन अंगावर येतं. पद्धत सुधारायची नाही.

ऐकायला विचित्र वाटतं ना? आपल्या काळात ‘सुधारणा’ हा शब्द देवासारखा झालाय. पण विचार करा. यंदा तुम्ही जास्त चांगलं आमिष लावलंत आणि मासे दीडपट आले. मासे वाढले की आमिष वाढलं? सांगता येणार नाही. कोणी अनुभवी कोळी सांगेल, ‘साहेब, इथे कशाला टाकताय, तिथे पलीकडे मासा आहे.’ त्याचं खरं असेल. तरी दोर इथेच टाकायचा. कोळ्याचं काम मासे शोधण्याचं आहे. पाहणीचं काम मासे नसलेल्या जागीही जाऊन यायचं आहे.

हा फरक न ओळखल्याची किंमत काय असते, ते थोडं बाजूला जाऊन सांगतो, कारण ती घटना अलास्कातली नाही, कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरची, न्यूफाउंडलंडची आहे. तिथला कॉड शतकानुशतकं पकडला जात होता. १९८०च्या दशकात साठ्याचे अंदाज बांधताना मोठ्या व्यापारी बोटींच्या पकडीच्या दरावर बराच भार दिला गेला. दर चांगला दिसत होता. का दिसणार नाही? मासा कमी होत गेला तसा उरलेला मासा दाटीवाटीनं काही जागी गोळा होत होता, आणि बोटींना त्या जागा नेमक्या ठाऊक होत्या. समुद्र रिकामा होत होता आणि जाळी भरलेली येत होती. १९९२च्या जुलैमध्ये सरकारनं मासेमारी बंद केली. सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार एका निर्णयात गेला. भरलेलं जाळं खोटं बोलू शकतं, हे तिथे कळलं.

परत अलास्कात येऊ. तिथली पाहणी अमेरिकेनं एकटीनं सुरू केलेली नाही. १९७८ मध्ये जपान आणि अमेरिका यांनी मिळून ती सुरू केली. १९८७ पासून अमेरिकेनं स्वतःची पाहणी चालू केली. आता बघा, गळ वेगळे. जपानी गळाचा आकार वेगळा, अमेरिकी पाहणीत गोल वळलेला गळ, ज्याला ‘सर्कल हुक’ म्हणतात. मोजपट्टीच बदलली! मग त्यांनी काय केलं? जुनी पट्टी फेकली नाही. १९९४ पर्यंत दोन्ही पाहण्या बरोबरीनं चालल्या. एकाच समुद्रात, त्याच वर्षांत, दोन पट्ट्या. त्यातून एका पट्टीवरचं माप दुसरीवर कसं वाचायचं ते काढलं, आणि मगच १९७८ पासूनची मालिका अखंड राहिली. खर्च दुप्पट, कष्ट दुप्पट, आणि वरून बघणाऱ्याला वाटणार की हे लोक तेच काम दोनदा करताहेत. माझ्या मते त्या सगळ्या उद्योगातला सर्वांत शहाणपणाचा काळ तोच होता.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, त्या रिकाम्या गळाकडे येतो.

आपल्या दर्शनांमध्ये एक वाद आहे. जमिनीवर घडा नाही, हे मला कळतं कसं? घडा असता तर डोळ्यांना दिसला असता. पण ‘नसणं’ डोळ्यांना कसं दिसेल? कुमारिलांच्या परंपरेतले मीमांसक, आणि पुढे अद्वैत वेदान्ती, म्हणाले, की हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे, अनुपलब्धी. न मिळणं. नैयायिकांना ते वेगळं प्रमाण मान्य नाही. ते म्हणतात, प्रत्यक्षानंच भागतं. तो वाद आज सोडून देऊ. पण एका अटीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे, आणि ती अट सोन्यासारखी आहे. न दिसणं हे नसण्याचा पुरावा केव्हा? तर ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. याला योग्यता म्हणतात, योग्य अनुपलब्धी.

रिकामा गळ वर आला. खाली मासा नव्हता, असं म्हणायचं का? थांबा. मासा असता तर या गळाला लागला असता, अशी परिस्थिती होती का, हे आधी विचारायचं. गळ गुंतलेला असेल तर नव्हती. वाकलेला असेल तर नव्हती. म्हणूनच तो कडेला उभा असलेला माणूस गुंतलेले, तुटलेले गळ वेगळे नोंदवतो. हिशेब करताना ते निकामी धरून वगळतात. त्या माणसानं मीमांसा वाचलेली असण्याची शक्यता नाही, पण योग्यतेची अट तो दर दोन मीटरला तपासतो.

गुंतलेला गळ डोळ्यांना दिसतो तरी. खरी पंचाईत देवमाशांची.

दोर वर येत असताना त्याला लागलेले मासे म्हणजे वाढलेलं ताट. किलर व्हेल, म्हणजे ऑर्का, हे ताट फार पूर्वी ओळखून बसलेत. बेरिंग समुद्रात, अल्यूशियन बेटांजवळ, अलास्काच्या आखाताच्या पश्चिम भागात ते टोळीनं येतात आणि मासे काढून खातात. काही वेळा नुसती डोकी किंवा ओठ गळाला उरतात. त्यांची धाड पडलेल्या दोरावर सेबलफिशची पकड काही भागांत निम्म्याहून कमी झाल्याचं अभ्यासात दिसलंय. पण ते निदान उघड चोर. दिसतात, खुणा सोडतात. त्यांनी हात मारलेले तुकडे ओळखून हिशेबातून काढता येतात.

आखाताच्या मध्य आणि पूर्व भागात गाठ पडते ती स्पर्म व्हेलशी. तो एकटा किंवा थोडक्या संख्येनं येतो, खोल बुडी मारतो, आणि बऱ्याचदा काहीच मागे ठेवत नाही. आग्नेय अलास्कात २००३ पासून शास्त्रज्ञ आणि मासेमार यांनी एकत्र येऊन या व्हेलचा अभ्यास चालवला. त्यात कळलं की बोट दोर ओढू लागली की इंजिन आणि पंख्याच्या आवाजात एक ठरावीक बदल होतो, आणि व्हेल तो आवाज ओळखून येतात. जेवणाची घंटाच म्हणा! पाण्याखालच्या कॅमेऱ्यात एक व्हेल दोर जबड्यात धरून झटकताना आणि मासा सुटा करताना दिसला. अशा वेळी वर काय येणार? रिकामा, सरळ, न गुंतलेला गळ. खाली मासा होता, गळाला लागलाही होता, आणि नोंद होणार ‘रिकामा’.

आता याचा परिणाम पाहा. एखाद्या वर्षी व्हेल आले आणि पकड घटली, तर एक वर्षाची चूक. पण व्हेल वर्षागणिक जास्त शिकत गेले, जास्त ठिकाणी येऊ लागले, तर? मग मासे तेवढेच असताना निर्देशांक हळूहळू घसरत जाईल, आणि आपण म्हणू, साठा घटतोय. ज्या गुणासाठी ही पाहणी नावाजलेली, म्हणजे दरवर्षी तेच आणि तसंच, त्यालाच आतून सुरुंग. आपण काही बदललं नाही, जग बदललं. म्हणून आखाताच्या या नोंदींवर व्हेल हजर असल्याच्या दिवसांसाठी दुरुस्ती लावायला सुरुवात झाली. कोणत्या ठिकाणी, कोणत्या दिवशी व्हेल होते, याची नोंद आधीपासून ठेवलेली होती म्हणून मागच्या वर्षांनाही ती लावता आली. ज्यानं कोणी, तेव्हा तितकंसं निकडीचं नसताना, ‘व्हेल दिसला’ असं लिहायची शिस्त घातली, त्याचे उपकार मोठे.

गळ भरलेला आला तरी प्रश्न संपत नाहीत. गळ म्हणजे खुर्ची. एकावर एकच बसतो. एखाद्या जातीचे चपळ मासे आधी येऊन गळ अडवून बसले तर मागून येणाऱ्याला जागा नाही. आणि मासा खूप वाढला, जवळजवळ सगळे गळ भरले, तर मासा आणखी दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होणार नाही. पट्टी वरच्या टोकाला आखूड पडते. शिवाय गळ फक्त भुकेल्यालाच मोजतो. पोट भरलेला मासा आमच्या जनगणनेत नाही. याला पूर्ण इलाज नाही. हे जाणून वाचायचं, इतकंच.

या सगळ्याची कसोटी २०१७ च्या सुमाराला लागली. त्याआधी कित्येक वर्षं नव्या पिढ्या कमजोर येत होत्या आणि निर्देशांक खाली गेला होता. मग २०१४ साली जन्मलेली पिल्लं मोठी होऊन गळाला लागू लागली, आणि गणितानं सांगितलं की ही पिढी अवाढव्य आहे. मासेमारांचा आनंद आपण समजू शकतो. पण आकडा कशावर उभा होता? एका पिढीच्या पहिल्या एक-दोन वर्षांच्या दर्शनावर. शास्त्रज्ञांनी गणितानं परवानगी दिली होती त्यापेक्षा बरीच कमी मर्यादा सुचवली. पुढच्या वर्षांत तीच पिढी पुन्हापुन्हा मोजली गेली तसा तिचा अंदाज खाली आला. ती मोठी होती हे खरं, पण पहिल्यांदा वाटली तितकी नाही. नंतर २०१६ ची पिढीही दमदार निघाली आणि साठा सावरला. हात राखून दिलेल्या सल्ल्याचं कौतुक त्या वर्षी कोणी फारसं करत नाही. ज्याची मर्यादा कापली तो तर नाहीच नाही.

एक चिठ्ठी आली आहे: ‘इतके मासे पाहणीसाठी मारायचे, हे योग्य आहे का?’ बरं विचारलंत. पाहणीची बोट भाड्यानं घेतलेली मासेमारीचीच बोट असते, आणि पकडलेला मासा फेकत नाहीत, विकतात. त्या विक्रीतूनच बोटीचा खर्च भागवण्याची पद्धत राहिली आहे. काही मासे खूण लावून जिवंत सोडतात. इथे ती दुसरी गोष्ट कामाला येते, हवेची पिशवी नसल्याची. पिशवीवाला मासा एवढ्या खोलीतून वर आला की दाब उतरून पिशवी फुगते आणि तो बहुतेक वाचत नाही. सेबलफिश वाचतो. १९७२ पासून लाखो सेबलफिशना अशा खुणा लावल्या गेल्या. वर्षांनंतर कुठल्यातरी बोटीवर तो पुन्हा सापडतो, आणि कळतं की अलास्कात खूण लावलेला मासा ब्रिटिश कोलंबियाच्या पाण्यात पोचला होता.

दुसरी चिठ्ठी जास्त अडचणीची आहे: ‘व्हेल गळावरचा मासा खातात तर पिंजरा का वापरत नाहीत?’ मासेमारांनी तेच केलं. २०१७ पासून अलास्काच्या आखातात सेबलफिशसाठी पिंजऱ्यांना परवानगी मिळाली, आणि काही वर्षांतच पुष्कळ बोटी गळ सोडून पिंजऱ्यांकडे वळल्या. पिंजऱ्यातला मासा व्हेलला सहजासहजी काढता येत नाही. मासेमारांच्या दृष्टीनं प्रश्न सुटला. पण व्यापारी पकडीच्या आकड्यांची जुनी मालिका तिथे तुटली, कारण पिंजऱ्याचा हिशेब गळाच्या हिशेबाशेजारी ठेवता येत नाही. त्यामुळे गळाची पाहणी अधिकच महत्त्वाची झाली, आणि त्याच वेळी ती मासेमारीपासून दूरही पडली. पाहणीनंही पिंजरे घ्यावेत का? घेता येतील. पण मग १९८७ ते १९९४ मध्ये केलं तेच पुन्हा करावं लागेल: त्याच ठिकाणी, त्याच उन्हाळ्यात, एका बाजूला गळ आणि दुसऱ्या बाजूला पिंजरे, आणि तेही एक-दोन नव्हे, कित्येक वर्षं.